गाय विकायचं अंधारात ठरवू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं दोन एकरांच्या शेतावर राहायला आलो. एक गाय, चार शेळ्या, चौदा कोंबड्या आणि थोडा भाजीपाला. नवरा नोकरीला जातो, अंधार पडल्यावर घरी येतो. पावसाळा संपेपर्यंत सगळं निभतं. थंडी सुरू झाली की माझं कोलमडतं. गाय सहा महिन्यांची गाभण आहे, दूध नऊ लिटरवरून पाचावर आलंय. दोन शेळ्या जानेवारीत वितील. कोंबड्यांची अंडी जवळजवळ बंद झालीत. नऊ वर्षांची मुलगी रोज अंडी मोजून वहीत लिहिते. गेल्या आठवड्यात तीन दिवस शून्य लिहिलं आणि मला विचारलं, 'आई, त्या आजारी आहेत का?' मागच्या वर्षी फेब्रुवारीतच वैरण संपली होती. यंदा गोठ्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावलंय, तरी एक शेळी खोकतेय. थंडी आणखी वाढली तर आत शेगडी ठेवावी म्हणते. रात्री आठलाच डोळे मिटायला लागतात आणि कामं तशीच पडून राहतात. नवरा म्हणतो, 'थंडीत शेतावर काम तरी काय असतं? माझे वडील म्हणायचे, हे विश्रांतीचे दिवस.' त्यावरून रोज खटका उडतो. जनावरं विकून टाकावीत का? की मीच आळशी झालेय? रात्रीचे अकरा वाजलेत, म्हणून इथेच थांबते."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा दूध, अंडी आणि वैरण एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की त्यात उजेडात घडलेली एकही गोष्ट नाही. उठणं अंधारात, धार काढणं अंधारात, नवऱ्याचं घरी येणं अंधारात, भांडण रात्री आणि हे पत्रसुद्धा रात्री अकराला. गाय विकायचा विचारही तुमच्या मनात अशाच वेळी येत असणार. त्यामुळे माझी पहिली विनंती एवढीच की विकायचं की ठेवायचं हे ठरवायचं असेल तर ते भर दुपारी, उन्हात बसून, हातात कागद घेऊन ठरवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुम्हाला जास्त बोचतोय. तुम्ही आळशी झालेल्या नाही. दोन एकरांवरची शेतातली कामं थंडीत कमी होतातही, पण गोठ्यातली होत नाहीत. रानात चरण्याजोगं कमी उरतं, म्हणून जे तोंड आपलं आपण चरून यायचं त्याला आता हाताने घालावं लागतं. जनावरं जास्त वेळ आत बसतात, म्हणून शेण-मूत आत साचतं. पाणी पाजणं, धार, झाडलोट यांतलं काहीच सुटत नाही. आणि हे सगळं करायला उजेड मात्र कमी मिळतो. विषुववृत्ताच्या 20 अंश उत्तरेला जूनमधल्या सर्वांत मोठ्या आणि डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसात सुमारे अडीच तासांचा फरक असतो. 50 अंशांवर तो आठ तासांच्या वर जातो. तुम्ही कुठे राहता हे पत्रात नाही. पण कुठेही असलात तरी काम तेवढंच किंवा जास्त आणि उजेड कमी, असं तुमचं गणित आहे. त्यात रात्री आठला डोळे मिटले तर नवल नाही.

आता त्या वहीतल्या शून्यांकडे येऊ. मुलीला सांगा, कोंबड्या आजारी नाहीत. अंडी द्यायची की नाही हे कोंबडीचं शरीर बरंचसं उजेडावरून ठरवतं. दिवस मोठा होत जातो तेव्हा अंडी वाढतात, लहान होत जातो तेव्हा कमी होतात. अंडी भरात राहायला 14 ते 16 तास उजेड लागतो, म्हणून तर मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावतात. याच दिवसांत त्यांची पिसंही झडतात. तुमच्या खुराड्यात पिसांचा सडा पडलेला असेल तर तोच याचा पुरावा. पिसं म्हणजे बहुतेक सगळी प्रथिनंच, त्यामुळे अंगावर नवी पिसं आणणं आणि रोज अंडं देणं ही दोन कामं एकदम झेपत नाहीत. पूर्ण पिसं यायला दोन-तीन महिने लागू शकतात. तेवढे दिवस खाण्यात प्रथिनं जरा वाढवा आणि त्यांना सुखाने राहू द्या. काहीजण दिवा लावून हिवाळ्यातही अंडी घेतात. घेऊ नयेत असं मी म्हणणार नाही. लावायचाच असेल तर दिवा पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम मालवला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात अडकतात. पण चौदा कोंबड्यांच्या घरच्या खुराड्यात मी तरी त्यांना ही सुट्टी देईन.

दुधाचंही तसंच. गाय सहा महिन्यांची गाभण आहे असं तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात, पण नऊ लिटरचे पाच का झाले याचं अर्ध्याहून जास्त उत्तर त्याच ओळीत आहे. वेताच्या शेवटाला दूध उतरतंच. विण्याआधी दोन महिने गाईला आटवायचं असतं, म्हणजे तुमच्याकडे फार तर महिनाभराचं दूध उरलंय. ते कमी होतंय म्हणून स्वतःला दोष देणं म्हणजे पिकलेलं पान गळालं म्हणून झाडाला दोष देण्यासारखं आहे. उलट यातून तुमची एक सोय होऊ शकते. पशुवैद्याला विचारून आत्ताच आटवायला सुरुवात करता येईल का ते बघा. तसं झालं तर संध्याकाळच्या अंधारातली धार सुटेल, गाईला भाकड काळ पुरेसा मिळेल आणि वासरासाठी तिच्या अंगात काही राहील. दूध कमी असताना दोन वेळा बसून पाच लिटर काढायचा अट्टहास कशासाठी?

एक गोष्ट मात्र तपासा. दूध देणाऱ्या गाईला प्रत्येक लिटर दुधामागे साधारण तीन-चार लिटर पाणी लागतं. थंडीत बादलीतलं पाणी रात्रभर गार होऊन बसतं, गाय तोंड लावते आणि मागे घेते. बादली भरून ठेवली म्हणजे गाय पाणी प्यायली असं आपण धरून चालतो. सकाळी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी काढून लगेच द्या. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं, त्यामुळे थंडीत ते हाताला कोमट लागतं. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात असेल तर दोन बादल्या आळीपाळीने वापरा, एक गोठ्यात आणि एक घरात. पाणी कमी पडलं की वैरण कमी खाल्ली जाते, आणि वैरण कमी खाल्ली की पुढचं सगळंच बिघडतं.

आता मला तुमच्या त्या प्लॅस्टिकबद्दल बोलायचंय आणि जरा थांबून बोलायचंय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या थंडीत मी खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकने बंद केलं. फट दिसेल तिथे गोणपाट कोंबलं. आत हात घातला की उबदार लागायचं, मला फार बरं वाटायचं. आठवड्याभराने पहाटे दार उघडलं तर छताला आतून थेंब लटकत होते, एकेक करून कोंबड्यांच्या पाठीवर पडत होते, आणि दोन कोंबड्यांच्या तुऱ्यांची टोकं काळी पडली होती. मी थंडी बाहेर ठेवली असं समजत होते. खरं तर ओल आत कोंडून ठेवली होती. ओला तुरा थंडीने मरतो, कोरडा बराच गारठा सोसतो. जनावर श्वासावाटे आणि अंगावाटे दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत सोडतं. त्यात मुताचा अमोनिया मिसळला की फुप्फुसं झिजायला लागतात. तुमची शेळी थंडीने खोकत असेलही, पण मला त्या प्लॅस्टिकचा संशय जास्त येतो.

हे तपासायला कुठलं यंत्र नको. सकाळी गोठ्यात गेल्याबरोबर शेळीच्या नाकाच्या उंचीला खाली बसा आणि चार-पाच श्वास घ्या. उभं राहिल्यावर जाणवत नाही ते तिथे जाणवतं. डोळे चुरचुरले, घशात काही लागलं, तर शेळी रात्रभर त्याच हवेत होती. मग तिच्या बसायच्या जागेवर गुडघे टेकून अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर कापड ओलं झालं असेल तर खालचं अंथरूण बदलायला हवं. हे दोन प्रयोग रोज करा, सवय होऊन जाईल.

करायचं ते असं. ज्या बाजूने वारा येतो तिथलं प्लॅस्टिक राहू द्या, पण जनावर बसल्यावर त्याच्या अंगावर झोत येणार नाही एवढ्याच उंचीचं. वर, छताखाली, हातभर पट्टा सगळीकडे मोकळा ठेवा. ओल आणि वाफ तिथून निघून जाईल. खाली मात्र कंजुषी करू नका. भुसा, पाचट, काड, जे कोरडं मिळेल ते जाड पसरा. शेळ्यांचं रोज सगळं उकरून काढण्याऐवजी वरच्यावर कोरडा थर चढवत गेलात तर खालचा थर कुजताना थोडी ऊबही देतो आणि तुमचं रोजचं अर्धा तासाचं काम दहा मिनिटांवर येतं. थंडी संपली की एकदाच खरवडून काढा, खतही तयार मिळेल. अट एकच, वरचा थर कोरडा हवा. जानेवारीत करडं होतील तेव्हा हेच अंथरूण त्यांचा जीव वाचवेल. करडू बसल्यावर त्याचे पाय अंथरुणात बुडून दिसेनासे व्हायला हवेत, एवढं जाड. जन्मल्याबरोबर त्याला खसाखसा पुसून कोरडं करायचं आणि पहिल्या तासा-दोन तासांत आईचा चीक पोटात गेला पाहिजे. थंडीत करडं दगावतात ती बहुतेक ओली आणि उपाशी राहिल्यामुळे. आणि जी शेळी खोकतेय तिला या सगळ्याची वाट न बघता उद्या पशुवैद्याला दाखवा. ती गाभणींपैकी असेल तर आजच.

शेगडी मात्र नको. हे मी हात जोडून सांगते. बंद जागेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. गोठ्यात नको आणि तुमच्या झोपायच्या खोलीतही नको. वर गोठ्यात काड, भुसा, वैरण. एक ठिणगी पुरते. खुराड्यात टांगलेले गरम दिवेही असेच पडतात आणि पेट घेतात. गाईला तर शेगडीची गरजही नाही, कारण तिची शेगडी तिच्या पोटात आहे. कडबा, गवत असलं तंतुमय खाणं पोटात आंबताना उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर कित्येक तास चालू राहते. म्हणून थंडीच्या दिवसांत वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी टाका. रात्री ती रवंथ करत बसेल आणि पहाटेच्या कडाक्याला आतून गरम राहील. प्रौढ, कोरडी, पोटभर खाल्लेली गाय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त थंडी सोसते. काळजी करायची ती पिल्लांची, भिजलेल्यांची आणि उपाशी असलेल्यांची.

म्हणजे सगळं येऊन थांबतं वैरणीपाशी. आणि मला वाटतं, तुमच्या मनातल्या भीतीचं मूळही तिथेच आहे. मागच्या फेब्रुवारीतली ती धावाधाव तुमच्या अंगात अजून बसलेली आहे. गंजीकडे बघितलं की यंदा पुरेल का, हा प्रश्न येत असणार आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. ते काढू या.

जनावर रोज अंगाच्या वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा खातं, शेळी जरा जास्त. तुमची गाय 400 किलोची धरली तर दिवसाला 10 किलो. 30 किलोच्या चार शेळ्या, प्रत्येकी किलोभर, म्हणजे 4. रोजचे झाले 14. चार महिने, 120 दिवस धरले तर 1680 किलो. वाळलेल्या वैरणीतही दहाएक टक्के पाणी असतं आणि साधारण तेवढीच पायाखाली जाते, ते धरलं तर दोन टनांच्या घरात जातं. हिरवा चारा किंवा पेंड देत असाल तर त्यातलं पाणी सोडून उरतं तेवढं वजा करा. बरंच खाली येईल. आता गंजीत किती आहे ते बघा. घरात वजनकाटा असेल तर पेंढी घेऊन त्यावर उभ्या राहा, मग नुसत्या उभ्या राहा. फरक म्हणजे पेंढी. अशा दहा पेंढ्या मोजून सरासरी काढा आणि सगळ्या पेंढ्या मोजा. एक दुपार जाईल यात. पण त्या दुपारनंतर तुम्हाला पुरेल की नाही हे कळलेलं असेल, नुसतं वाटत राहणार नाही. मग गंजीच्या बरोबर मध्यावर एक लाल चिंधी बांधा आणि तिथपर्यंत कोणत्या तारखेला पोचायला हवं ते लिहून ठेवा. चिंधी त्या तारखेच्या आधी लागली तर फेब्रुवारी यायच्या आतच तुम्हाला कळेल.

कमी पडतेय असं दिसलं तर आत्ताच आणा. सगळ्यांना कमी पडेल तेव्हा शोधत हिंडण्यात अर्थ नाही. कुट्टी करून, गव्हाणीत घालून दिलीत तर नासाडी कमी होते. तरीही भागत नसेल तर तोंडं कमी करा, आणि ती कोणती हेही कागदावर ठरेल. गाभण नसलेल्या दोन शेळ्या, किंवा म्हाताऱ्या झालेल्या चार कोंबड्या. गाभण गाय शेवटी. सहा महिन्यांची गाभण, दूध उतरलेली, आणि विकणारी थकलेली. अशा वेळी केलेला व्यवहार घाईचा होतो आणि गाय घेणाऱ्याला ते दिसतं.

भाजीपाल्याबद्दल दोनच गोष्टी. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री दव गोठायची भीती सर्वांत जास्त असते, आणि गारठ्याचा कळस मध्यरात्री होत नाही, उजाडताना होतो. अशा दिवशी दुपारीच वाफ्यांना पाणी द्या; ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. आणि झाकायचं तर सूर्य मावळायच्या आत, कापड सगळीकडून जमिनीला टेकेल असं. थंडी पडल्यावर झाकलं तर आत थंडीच राहते.

आता घरातल्या गोष्टीकडे येते.

तुमचे सासरे खोटं बोलत नसतील. पीक उभं राहिलं, नांगर भिंतीला लागला, की ज्याच्या हातात नांगर होता त्याला खरंच विश्रांती मिळायची. पण त्याच घरात ज्यांच्या हातात बादली होती त्यांना ती मिळायची का? थंडीत पहाटे धार कोण काढायचं, शेण कोण भरायचं, हे तुमच्या नवऱ्याला आठवत असेल. त्यांची आई असेल, एखादी काकू असेल. हे त्यांना विचारा, पण भांडणात विचारू नका. भांडणात विचारलंत तर तो टोमणा होईल आणि ते आई-वडिलांची बाजू घेऊन बसतील. रविवारी दुपारी, सहज, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा.

आणि ताई, तुमच्या बाजूनेही एक गोष्ट तपासून बघायला हवी. नवरा अंधारात जातो आणि अंधारात येतो. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस त्याने हे शेत उजेडात पाहिलेलंच नाही. त्याला दिसते ती गोठ्यात लटकलेली बॅटरी आणि चिडलेली बायको. तुम्ही दिवसभर काय उपसता हे त्याला माहीत आहे असं तुम्ही धरून चालता, आणि माहीत असूनही तो असं बोलतो याचा तुम्हाला राग येतो. मला वाटतं त्याला माहीतच नाही. रविवारी सकाळी उजाडल्यापासून दोन तास त्यांना सोबत घ्या. समजावून सांगू नका, नुसतं काम करा आणि त्यांना शेजारी राहू द्या. बादल्या किती वाहिल्या ते त्यांचे खांदे त्यांना सांगतील.

त्यानंतर "मदत" हा शब्द घरातून काढून टाका. मदत म्हटलं की काम तुमचं आणि उपकार त्यांचा. त्याऐवजी एक काम पुरतं देऊन टाका. माझी सूचना पहाटेच्या पाण्याची आहे. ताजं पाणी काढून गाय, शेळ्या, कोंबड्या सगळ्यांना पाजणं. निघायच्या आधीचा अर्धा तास. त्यात पाणी किती प्यायलं गेलं ते बघणंही आलं, पाइपमधलं पाणी गोठलं तर त्याचा उपाय शोधणंही आलं. आणि ते त्यांच्या पद्धतीने करतील. बादली तुमच्या जागेवर ठेवणार नाहीत. तुम्ही मागून जाऊन ती सरळ करू नका. अनेक घरांत मी हे बघते, काम एकाने केलं की दुसरी ते पुन्हा करते, आणि मग पहिला ते सोडून देतो. पंधरा दिवस पाठ फिरवून राहा. जनावर उपाशी किंवा तहानलेलं नाही ना, एवढंच बघा.

कामांच्या वेळाही जरा हलवा. सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला असतो, पण सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत येतो. म्हणजे संध्याकाळी लवकरच थोड्या लांबायला लागतील, पण सकाळचा अंधार अजून काही आठवडे हटणार नाही. म्हणून जड कामं सकाळी उरकायचा हट्ट सोडा. शेण काढणं, अंथरूण घालणं, रात्रीची वैरण तोडून ठेवणं हे सगळं दुपारी दोन ते पाचमध्ये घ्या. पहाटे फक्त पाणी आणि धार. रात्री आठनंतर गोठ्यात फक्त एक फेरी, सगळी बसलीत का, रवंथ चालू आहे का, एवढं बघायला. बाकी काहीही उद्यावर जाऊ शकतं. आठला झोप येते ना, मग झोपा. जनावरंही तेच करतात.

एक शेवटची काळजी, आणि ती जनावरांची नाही. थंडीत काही माणसांचं मन दरवर्षी खाली जातं. 1984 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतूगत नैराश्याचं रीतसर वर्णन केलं आणि त्यावर उजेडाचा उपचार वापरून बघितला. तेव्हापासून डॉक्टर त्याला खरा आजार मानतात. तुम्हाला तोच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. साधा थकवाही असाच दिसतो. पण "थंडी सुरू झाली की माझं कोलमडतं" हे वाक्य मला सोडवत नाही. रोज सकाळी ऊन आल्यावर अर्धा तास बाहेर, हातात काम न घेता बसा. घरातल्या दिव्याच्या कित्येक पट उजेड ढगाळ आकाशाखालीही असतो. आणि कशातच मन लागत नाही, सारखं रडू येतं, जगणं नकोसं वाटतं असं दोन आठवडे राहिलं तर डॉक्टरकडे जा. नवऱ्यालाही हे वाचायला द्या, म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत तरी त्यांच्या लक्षात येईल.

आता गाय. ती विकू नका असा माझा हुकूम नाही. वर्षभराचा हिशेब मांडल्यावर ती परवडत नाही असं दिसलं, किंवा पहाटे उठायची तुम्हा दोघांचीही इच्छा उरली नाही, तर विका. थकवा हेही विकायचं पुरेसं कारण आहे आणि त्यात लाज नाही. गाय नसलेलं शेतही शेतच असतं. फक्त ती व्यायली, दूध आलं, दिवस-रात्र सारखे झाले, की मगच हा प्रश्न पुन्हा काढा. तेव्हाही उत्तर हेच आलं तर ते तुमचं खरं उत्तर असेल.

तोपर्यंत मुलीच्या वहीत दोन रकाने वाढवा. अंड्यांच्या शेजारी सूर्य उगवल्याची वेळ आणि मावळल्याची वेळ. नऊ वर्षांच्या मुलीला घड्याळ बघता येतं. शून्याशेजारी दिवसाची लांबी दिसायला लागली की कोंबड्या आजारी नाहीत हे तिचं तिलाच कळेल. जमलं तर तिसरा रकाना बाबांचा, सकाळी गाईने किती बादल्या पाणी प्यायलं त्याचा. तो त्यांनीच तिला सांगून लिहून घ्यायचा.

बाकी सगळं सवडीने करा. उद्या दुपारी आधी छताखालचा हातभर प्लॅस्टिकचा पट्टा कापा. कात्री आणि स्टूल घेतलंत तर पंधरा मिनिटांचं काम आहे.